सायकल काउंटची यादी सिस्टिमने काढावी, कबूल. पण फरकही तिनेच मिटवायचा?

गोदामकर
परवा एका ईआरपी (माल आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सल्लागारांची पोस्ट वाचली आणि राहवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सायकल काउंट करा, म्हणजे सगळा माल एकदम न मोजता वर्षभर रोज थोडा थोडा मोजा; आयटमना एबीसी लावा, म्हणजे किमतीप्रमाणे ए, बी, सी वर्ग पाडा, रोज पहाटे मोजणीची यादी आपोआप निघेल, पोरगा स्कॅनर घेऊन मोजेल, दोन टक्क्यांच्या आतला फरक सिस्टिम स्वतःच पोस्ट करेल, म्हणजे आपला आकडा मोजणीप्रमाणे बदलून टाकेल, आणि ३१ मार्चला गोदाम बंद ठेवून स्टॉक मोजायची कटकट कायमची मिटेल.

यादीपर्यंत मी त्यांच्यासोबत आहे. पुढचं वाचून डोकं फिरलं.

भिवंडीत आमच्या गाळ्यातून रात्री गाड्या भरतात. माल ट्रकमध्ये चढतो रात्री, आणि डिस्पॅचची एंट्री होते सकाळी बिलिंगवाला आल्यावर. मधल्या वेळात, पहाटे, ही यादी निघते. पोरगा बिनपाशी (रॅकवरच्या खणापाशी) जातो, वीस पेट्या कमी. सिस्टिम म्हणते टॉलरन्समध्ये, म्हणजे चालवून घ्यायच्या मर्यादेत आहे, वजा केल्या. दहा वाजता बिलिंगवाला एंट्री मारतो, त्याच वीस पेट्या पुन्हा वजा. आता रॅकवर वीस पेट्या जास्त. पुढच्या काउंटला सिस्टिम त्या अधिक करते आणि रिपोर्टात दोन्ही मिळून फरक शून्य! साहेब खूश. थर्मामीटर झटकला की ताप उतरला असं मानण्यातला प्रकार आहे हा.

शिवाय आमच्यासारख्यांकडे माल आपला नसतो, पार्टीचा असतो. आमच्या सिस्टिमने परस्पर आकडा बदलला तरी पार्टीच्या सिस्टिममध्ये जुनाच राहतो. महिनाअखेरीला ताळा लावताना फेस येतो तोंडाला. सल्लागारांनी कधी ताळा लावलाय का?

चाकण स्टोअर्स
दादा, हे दुखणं कट-ऑफचं आहे, म्हणजे माल कधी हलला आणि एंट्री कधी झाली याचं, ऑटोमेशनचं नाही. मोजायच्या बिनवर पोस्टिंग ब्लॉक लावा (मोजणी होईपर्यंत एंट्री बंद), किंवा यादी डिस्पॅचच्या एंट्र्या संपल्यावर काढा. यादी काढायचा जॉब पहाटे पाचला लावायचा की दुपारी एकला, हे तुमच्याच हातात आहे की.

आमच्याकडे आधी काय होतं ते सांगतो. ऑटो पार्ट्सचं स्टोअर. काय मोजायचं ते स्टोअरकीपरच ठरवायचा. मग काय, दर महिन्याला खालच्या दोन लेव्हलचे तेच ते बिन. वरचं मोजायचं तर रीच ट्रक (उंच रॅकवरून माल काढणारी गाडी) लागतो, आणि तो नेहमी पुटअवेला, म्हणजे आलेला माल रॅकवर लावायला, गुंतलेला. भिंतीवरच्या फळ्यावर अचूकता ९९ टक्के आणि लाइन बंद पडली दोन रुपयांच्या क्लिपमुळे. सॅपमध्ये (आमचं ईआरपी) सायकल काउंट चालू केल्यावर कळलं की वरच्या लेव्हलला वर्षभरात कुणाचा हातच लागला नव्हता.

राहिला प्रश्न आपोआप पोस्टिंगचा. माणसाची मंजुरी म्हणजे काय असते माहितीये? सुपरवायझर संध्याकाळी सहाला लॉगिन करतो, सगळ्या ओळी सिलेक्ट करतो, अप्रूव्ह दाबतो आणि बस पकडतो. यापेक्षा सिस्टिम बरी, ती निदान नियम तरी पाळते.

ऑडिटपुरता
आमच्याकडे सायकल काउंट म्हणजे ऑडिटर यायच्या आधी साहेब गोदामात सायकलसारखे गोल फिरतात, तो. चालू द्या.

खतावणी
सीए आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, वर्षाला एकदाच सगळं मोजा असं कुठे लिहिलेलं नाही. कॅरो २०२० मध्ये (ऑडिट अहवालात काय काय सांगायचं याचा सरकारी आदेश) आम्हाला सांगावं लागतं की व्यवस्थापनाने वाजवी अंतराने स्टॉक पडताळला का, पद्धत आणि व्याप्ती योग्य होती का, आणि मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा जास्त तफावत निघाली असेल तर ती हिशोबात नीट घेतली का. वर्षभराची मोजणी चांगली चालली असेल तर ३१ मार्चचा तमाशा टाळता येतो. इथवर सल्लागार बरोबर आहेत.

दोन, जी गोष्ट त्यांच्या गावीही नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच): हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. सिस्टिम रोज पाच-पन्नास ओळी 'इन्व्हेंटरी डिफरन्स' खात्यात टाकणार आणि वर्षाअखेरीला मी विचारणार की यातलं खरंच गेलेलं किती आणि नुसती एंट्रीची चूक किती? कुणाकडेच उत्तर नसतं, कारण कारणाचा रकाना रिकामा. मग सगळ्याच वजा ओळींचं क्रेडिट उलटवा नाहीतर नोटिशीची वाट पाहा. त्यात कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, सक्तीचा आहे. ट्रेलमध्ये नाव कुणाचं? बॅच जॉबच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या युजरचं. त्याला समोर बसवून काय विचारू?

रॅक नंबर सतरा
ताई, तुमचं क्रेडिट उलटतं, आमचा पगार उलटतो.

मी स्टोअरकीपर. आधीच्या ठिकाणी काउंटमध्ये शॉर्ट निघालं की महिन्याच्या पगारातून थेट कपात. बिलिंगवाल्याने चुकीचा कोड मारला तरी मीच, रात्रपाळीने दुसऱ्या बिनमध्ये माल टाकला तरी मीच. बेअरिंगचं उदाहरण देतो. ६२०५ झेडझेड आणि ६२०५ टूआरएस. माप एकच, फरक एवढाच की एकाला पत्र्याची शील्ड, दुसऱ्याला रबरी सील. नव्या पोराने एकाच्या जागी दुसरं काढून दिलं. काउंटला एक बारा नग शॉर्ट, दुसरं बारा नग जास्त. शॉर्टचे पैसे माझ्या पगारातून कापले. जास्तीचे मला दिले का? ते मालकाचे!

मालक मीच
हे रडगाणं दर वेळी ऐकतो. माझं होलसेलचं गोदाम आहे. ज्या वर्षी कपात बंद केली त्या वर्षी साबणाच्या पेट्यांना पाय फुटले. पुन्हा कपात चालू केली, पेट्या जागेवर. याहून मोठा पुरावा काय हवा? तुम्हा पगारदार लोकांना दुसऱ्याचं भांडवल म्हणजे फुकटचं वाटतं.

रॅक नंबर सतरा
पेट्या जागेवर आल्या नाहीत साहेब, आकडे जागेवर आले. कसे ते सांगू? जीआरएनच्या वेळी, म्हणजे आलेला माल नोंदवताना, जो माल जास्त आला तो चढवायचाच नाही. रॅकच्या अगदी वर, पुठ्ठ्यामागे ठेवून द्यायचा. शॉर्ट निघालं की त्यातून भरायचं. तुमच्याकडेही असेल, बघा शिडी लावून. आणि 'तुम्हा पगारदार लोकांना' ही भाषा आपल्या गोदामात वापरा, इथे नको.

मालक मीच
म्हणजे चोरीची पद्धत स्वतःच्या तोंडाने सांगताय. छान.

रॅक नंबर सतरा
चोरी? माल गोदामातच आहे! पगार वाचवायला माणूस दुसरं काय करणार?

खतावणी
मालकसाहेब, सरसकट कपात करता येत नाही. माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेलं हवं, आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात हेच होतं, २०१९च्या वेतन संहितेतही तेच ठेवलंय. वर एकूण कपात पगाराच्या निम्म्याच्या पुढे जायला नको. तीन पाळ्या त्याच रॅकवर हात घालत असतील तर 'ताबा' कुणाचा ते आधी सिद्ध करा.

मालक मीच
बरं ताई, म्हणजे नुकसान मालकाने सोसायचं, क्रेडिट मालकाचं जायचं आणि वर कायदाही मालकालाच. शटर लावून किल्ली तुमच्याकडे देऊ का? आणि माथाडींचं कोण बोलणार? मोजायला पॅलेट हलवायचा म्हटलं तरी आमच्याकडे हजेरीचा वाद. माल गाडीतून उतरला नाही, इकडचा तिकडे सरकवला फक्त, तरी पैसे मोजा.

नाका कामगार
१९६९चा माथाडी कायदा कुणाच्या पाठीवर उभा राहिला ते वाचा आधी. तुमच्या काउंटसाठी पोती हलवणारी पाठसुद्धा पाठच असते. काम सांगायचं तर मजुरी द्यायची, यात वाद कसला?

मालक मीच
काम करणाऱ्याला मजुरी द्यायला माझी ना नाही. हात न लावता वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) मागणाऱ्यांबद्दल बोलतोय मी.

नाका कामगार
ते खंडणीवाले. त्यांना माथाडी म्हणू नका, खऱ्या माथाडीलाच त्यांचा जास्त त्रास आहे.

गोदामकर
मंडळी, माथाडीवर वेगळा धागा काढा, मी पण येतो, बोलायला भरपूर आहे. इथे काउंटवर या.

पण सतरा नंबरने जे सांगितलं ते विषयाला धरूनच आहे. चाकणकर, तुमची यादी आयटमवार निघते ना? ए वर्ग वर्षातून १२ वेळा, बी ६, सी ३, जे सॅपमध्ये आधीपासून भरून येतं ते? आयटमवार यादी माणसाला तिथेच पाठवते जिथे सिस्टिमच्या मते माल आहे. पुठ्ठ्यामागचा माल सिस्टिमला माहीतच नाही, त्यामुळे ती तिथे कुणाला पाठवणारच नाही. बारा महिने बारा वेळा मोजा, तो सापडणार नाही. तो सापडतो रॅक धरून सलग मोजल्यावर, रिकाम्या दाखवलेल्या बिनसकट. म्हणूनच ३१ मार्चला भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतात. लोकांना हौस आहे म्हणून नाही.

आणि तुमची दोन रुपयांची क्लिप. किमतीवर एबीसी लावली की ती जाते सी मध्ये, वर्षातून तीनदा मोजायची. लाइन तीच बंद पाडणार!

चाकण स्टोअर्स
क्लिपचं मान्य. आम्ही लाइन थांबवणारे पार्ट किंमत न बघता हाताने ए मध्ये टाकलेत, ते वर लिहायचं राहिलं. बिनवार यादीचंही चालेल, रीच ट्रकच्या फेऱ्या तरी वाचतात. बिन रिकामा झाला की पिकरलाच 'रिकामा ना?' विचारणारा झिरो चेक आम्ही लावलाय. त्याच्याइतकी स्वस्त मोजणी दुसरी नाही, शून्य मोजायला वेळ लागत नाही.

पण आपोआप पोस्टिंग सगळीकडे बंद करा म्हणाल तर जमणार नाही. नट-बोल्टसारखे फास्टनर आम्ही काट्यावर वजनाने मोजतो. दहा हजार बोल्टमध्ये पंधरा-वीस इकडेतिकडे होणारच, काट्याचाच तेवढा फरक असतो. त्या प्रत्येक ओळीचं कारण माणसाने लिहायचं? तो 'मिसलेनियस' लिहितो. सगळ्या ओळींना 'मिसलेनियस'.

गोदामकर
घ्या, बोल्ट तुमचे. काट्यावर मोजलेला माल आपोआप पोस्ट करा, मी आड येत नाही. पण नगाने, पेटीने, सिरियल नंबरने मोजलेल्या मालाला टॉलरन्स शून्य. पेटी दोन टक्के नसते, असते किंवा नसते. फरक निघाला की दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं, सिस्टिमचा आकडा स्क्रीनवर न दाखवता. तरी फरक राहिला तर मागच्या काउंटपासूनच्या एंट्र्या उघडायच्या, आणि त्याच मापाचा भाऊबंद आयटम बघायचा. बेअरिंगचे बारा नग तिथेच सापडले असते.

आणि कृपा करून अचूकता निव्वळ फरकावर काढू नका. एकात बारा कमी, दुसऱ्यात बारा जास्त, बेरीज शून्य, फळ्यावर १०० टक्के.

चाकण स्टोअर्स
एवढं सगळं करायला जास्तीची माणसं तुम्ही देणार का? बरं, पहिले काही महिने करू. नव्या साइटवर मी तसंही शंभरेक आयटम निवडून तेच तेच पुन्हा मोजून घेतो, प्रोसेस कुठे गळते ते कळेपर्यंत. त्यानंतर मात्र पोस्टिंग चालू करणार. कायम कागद धरून बसायला माझी साइट म्हणजे तुमचा गाळा नव्हे.

गोदामकर
'बरं' म्हणालात, पुष्कळ झालं. गाळ्यावर एकदा चहाला या, मग नावं ठेवा.

ऑडिटपुरता
सल्लागार महाशय कुठे गेले? त्यांच्या पोस्टवर दोन टक्क्यांच्या आतले आक्षेप आपोआप मंजूर होतात का?

मालक मीच
सगळं वाचलं. शून्य टॉलरन्स, दुसऱ्याने मोजणी, एंट्र्या तपासणी. आणि हे सगळं करूनही माल सापडलाच नाही तर? तेव्हा पैसे कोण भरणार, ते कुणीच लिहिलं नाही.

खतावणी
विम्यात चोरीचं कलम आहे का बघा. नुसत्या मोजणीत कमी निघालेला माल बहुतेक पॉलिसींत बसत नाही, हेही आधीच सांगते.

रॅक नंबर सतरा
आणि साहेब, शिडी लावून बघितलं का?

मालक मीच
उद्या बघतो. सापडलं तर इथे लिहिणार नाही.