बी.कॉम. करता करता विम्यात पाय रोवायचा आहे: विमा सखी, साधी एजन्सी की आधी परीक्षा?

कराडची_बीकॉम

नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कराड तालुक्यात राहते. कॉलेज सकाळी साडेसात ते साडेबारा. दुपार मोकळी असते, पण सत्र परीक्षेआधीचा महिना पूर्ण अभ्यासात जातो. पुढे विमा क्षेत्रातच काम करायचं हे ठरलेलं आहे.

मामा एलआयसीचे एजंट आहेत. विमा सखी ही एलआयसीचीच, महिलांना एजंट नेमून तीन वर्षं स्टायपेंड देणारी योजना. त्यांचं म्हणणं, "तुझ्या नावानं विमा सखीचा एजंट कोड काढू. धंदा मी आणतो, तू फक्त सह्या कर, स्टायपेंड तुझा." घरच्यांना हे पटलंय, मला थोडी धाकधूक आहे. मामा एजंट असताना मला विमा सखी होता येतं का? कॉलेज सांभाळून योजनेच्या अटीतल्या वर्षाला २४ पॉलिसी खरंच होतात का? आणि पुढे नोकरीसाठी उपयोगी पडतील अशा कोणत्या परीक्षा पदवीच्या आधीच देता येतात?

जुना विकास अधिकारी

आधी नात्याचं. चालू एजंट किंवा कर्मचाऱ्याचा जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं आणि जवळचे सासरचे यांना विमा सखी होता येत नाही. मामा त्या यादीत बसत नाही, त्यामुळे नियमाची आडकाठी नाही. वय १८ ते ७० आणि शिक्षण दहावी पास, एवढीच बाकी पात्रता. मात्र जी आधीच एजंट आहे तिला या योजनेत घेत नाहीत. म्हणजे आज साधी एजन्सी घेतलीस तर पुढे विमा सखीचा दरवाजा बंद होतो. हा क्रम नीट लक्षात ठेव, कारण घाईत बऱ्याच मुलींचं इथंच चुकतं.

आता आकडे. स्टायपेंड पहिल्या वर्षी महिना ₹७,०००, दुसऱ्या वर्षी ₹६,०००, तिसऱ्या वर्षी ₹५,०००. तीन वर्षांचे मिळून ₹२,१६,०००, कमिशन वेगळं. बदल्यात दरवर्षी २४ जीवनांचा विमा आणि बोनस कमिशन सोडून ₹४८,००० पहिल्या वर्षाचं कमिशन आणायचं. भागाकार केला तर पॉलिसीमागे सरासरी ₹२,००० कमिशन येतं. कमिशन हप्त्याच्या साधारण पाव भाग धरलं, तर वर्षाला ₹८,००० हप्ता भरणारी २४ माणसं हवीत. ₹३,००० हप्त्याच्या २४ पॉलिसी करून माणसं पुरी होतील, रक्कम होणार नाही.

मुली अडकतात त्या दुसऱ्या वर्षात. पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असतील तरच ₹६,००० मिळतात. २४ चे ६५ टक्के म्हणजे १६ पॉलिसी. नऊ जणांनी हप्ता सोडला की स्टायपेंड थांबला, आणि हे महिन्यामहिन्याला तपासलं जातं. शिवाय हा पगार नव्हे, मानधन आहे. या नेमणुकीला नोकरी समजायचं नाही, हे योजनेतच लिहिलेलं आहे.

वेळेचा अंदाज असा धर. एका पॉलिसीसाठी तीन घरी बोलावं लागतं. जिथं होकार येतो तिथं तीन-चार भेटी: गरज समजून घेणं, कागद गोळा करणं, प्रपोजल म्हणजे विम्याचा अर्ज भरणं, पॉलिसी हातात आल्यावर समजावून देणं. जाण्यायेण्यासह एका पॉलिसीमागे दहा तास सहज जातात. २४ चे २४० तास. वर्षातले परीक्षेचे दोन महिने वजा केले तर उरलेल्या दहा महिन्यांत आठवड्याला साडेपाच-सहा तास. हे झेपतं, पण स्वतः केलं तर आणि परीक्षेच्या महिन्यात एकही नवीन प्रपोजल घेतलं नाही तर. झेपत नाही ते पुढचं काम. दुसऱ्या वर्षी २४ जुन्या ग्राहकांचे हप्ते सांभाळून नवे २४ आणायचे असतात.

हप्ता टिकवायचा तर त्या घरात पैसा कधी येतो ते आधी विचार. ऊसवाल्याला वार्षिक किंवा सहामाही हप्ता दे, आणि पॉलिसी अशा महिन्यात सुरू कर की पुढचा हप्ता कारखान्याचं बिल जमा झाल्यावर येईल. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर पॉलिसी केलीस तर दरवर्षी जूनलाच हप्ता येणार आणि दरवर्षी तो रखडणार. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी बँकेत येणाऱ्या घराला मासिक हप्ता बँकेतून वळता करून दे. तारीख उलटल्यावर मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस १५, बाकी सगळ्या हप्त्यांना ३०. बँकेचा अर्ज बहुतेक वेळा सहीमुळे परत येतो: पासबुकावर मराठी सही आणि अर्जावर इंग्रजी. सही बघूनच अर्ज घे.

दाव्यांचं टेबल

वरच्या हिशोबाशी सहमत. मी फक्त "तू फक्त सह्या कर" या वाक्याबद्दल लिहितो, कारण या सगळ्यात मला तेच जास्त काळजीचं वाटतं.

प्रपोजलसोबत एजंटचा गोपनीय अहवाल जातो. त्यात विचारलेलं असतं: विमा घेणाऱ्याला किती वर्षं ओळखता, त्याची ओळख कशी पटवली, उत्पन्न किती, तब्येत कशी दिसते, काही व्यंग किंवा आजार लक्षात आला का. खाली सही तुमची. मामांनी आणलेल्या माणसाला तुम्ही पाहिलेलंच नसेल, तर त्या कागदावरचं प्रत्येक उत्तर खोटं ठरतं, मग माणूस कितीही चांगला असो.

याचा परिणाम कुठे दिसतो ते सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून (बंद पडून पुन्हा चालू केली असेल तर त्या तारखेपासून) तीन वर्षांच्या आत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. तीन वर्षांनंतर नाही. म्हणून या काळात मृत्यू झाला की चौकशी होते: दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं, शेजाऱ्यांचे जबाब. समजा त्या माणसाला पाच वर्षांपासून शुगरची गोळी चालू होती आणि प्रपोजलमध्ये मधुमेहासमोर 'नाही' आहे. दावा नाकारला गेला तर बायकोच्या हातात पत्र येतं आणि ती थेट एजंटचं नाव विचारते. कागदावर नाव तुमचं असतं, मामांचं नसतं.

म्हणून प्रपोजल स्वतः भरा आणि आरोग्याचे प्रश्न एकेक करून मोठ्यानं वाचा. "काही आजार नाही ना?" असा एकच प्रश्न विचारला की उत्तर कायम "नाही" येतं. त्याऐवजी विचारा: रोज कुठली गोळी घेता? गेल्या पाच वर्षांत दवाखान्यात ॲडमिट झाला होता का, ऑपरेशन झालं का? तंबाखू किंवा मिश्री दिवसातून किती वेळा? आईवडील हयात आहेत का, नसतील तर कशानं गेले? बाईचा विमा असेल तर गरोदरपण आणि शेवटचं बाळंतपण यांच्या तारखा. आधीच्या सगळ्या पॉलिसी, बंद पडलेल्यासुद्धा. आजार सांगितला तर फार तर हप्ता थोडा वाढेल किंवा वैद्यकीय तपासणी लागेल. लपवला तर सगळंच जाईल, हे समोरच्याला याच शब्दांत सांगा. बहुतेक लोक ऐकतात.

कागद घेताना आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळवा. आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी तारीख, हे आपल्याकडे सर्रास आहे. वय बदललं की हप्ता बदलतो, आणि ही दुरुस्ती दाव्याच्या वेळी करणं सगळ्यात त्रासाचं. नॉमिनी अल्पवयीन असेल तर अपॉइंटीचं (त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं) नाव आणि सही लागते. तो रकाना सर्वात जास्त वेळा कोरा राहिलेला दिसतो.

मामांची मदत जरूर घ्या, पण ती ओळख करून देण्यापुरती. त्यांच्यासोबत घरी जा, बोलणं तुम्ही करा, फॉर्म तुम्ही भरा. यात तुमचं शिकणंही होतं. नुसत्या सह्यांत तीन वर्षं गेली तर हातात कोड राहील, काम येणार नाही.

गणिताची वही

परीक्षांबद्दल.

एजंटसाठीची परीक्षा म्हणजे आयसी-३८. आधी २५ तासांचं प्रशिक्षण, मग एक तासात ५० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के म्हणजे १८ बरोबर. मराठीतून देता येते. विमा सखीलाही ती द्यावी लागतेच. आठवडाभराच्या तयारीत होते, पण नोकरीच्या अर्जात तिचं वजन जवळपास शून्य.

बायोडेटात धरली जाणारी परीक्षा वेगळी: भारतीय विमा संस्थेची, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट, तिथली पहिली पायरी. बारावी झाल्यावर देता येते. तीन पेपर: आयसी-०१ विम्याची तत्त्वं, मग जीवन विम्यासाठी आयसी-०२ किंवा सर्वसाधारण विम्यासाठी आयसी-११, आणि तिसरा बहुतेक जण आयसी-१४ म्हणजे विमा कायदे आणि नियमन घेतात. प्रत्येक पेपर बहुपर्यायी, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. इथेच मुलं फसतात: आयसी-३८ सोपी गेली म्हणून तशाच तयारीनं बसतात आणि ५२-५५ वर अडकतात. आयसी-०१ संस्थेच्याच पुस्तकातून दोनदा वाचा, रोज एक तास धरून सहा आठवडे लागतात. विमायोग्य हितसंबंध, परम सद्भाव, नुकसानभरपाईचं तत्त्व, अंशदान (एकाच नुकसानीची भरपाई अनेक कंपन्यांनी वाटून देणं) आणि प्रत्यासन (भरपाई दिल्यावर दोषी माणसाकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे येणं) यांतला फरक उदाहरणासह पाठ हवा, कारण प्रश्न प्रसंग देऊन विचारतात. सत्र परीक्षा संपल्यावर एका वेळी एकच पेपर धरा. तिसरं वर्ष संपेपर्यंत तिन्ही आरामात होतात. पुढच्या पायऱ्या, असोसिएट आणि फेलो, याच पेपरांच्या गुणांवर चढत जातात, मिळवलेले पेपर वाया जात नाहीत.

गणित खरोखर चांगलं असेल तरच ॲक्च्युअरीकडे, म्हणजे विम्यातली जोखीम आणि हप्ते गणितानं ठरवणाऱ्या कामाकडे वळा. प्रवेश परीक्षा एसेट: तीन तास, १०० गुण, ५० ला उत्तीर्ण, बारावीनंतर देता येते. पण त्यापुढे तेरा पेपर आहेत आणि पहिल्या सीएस-१ लाच संख्याशास्त्रासोबत आर या संगणक प्रणालीतलं काम येतं. एका पेपरला दोन-अडीचशे तास धरा. त्यासोबत एजन्सी अजिबात होत नाही, मी स्पष्टच सांगतो.

पदवीनंतरसाठी पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमीचा दोन वर्षांचा व्यवस्थापन पदविका अभ्यासक्रम आहे. एलआयसी आणि सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या अधिकारी भरतीला पदवी आणि साधारण २१ ते ३० वय लागतं.

तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास असतात. ते विमा कंपनीच्या दावे विभागात, ब्रोकरकडे किंवा आरोग्य विम्याच्या टीपीएकडे (कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) करा. स्वतःच्या एजन्सीचे तास कॉलेज बहुधा मान्य करत नाही, त्यामुळे समन्वयकांकडून पत्र आधी घ्या आणि काम नंतर सुरू करा.

कराडची_बीकॉम

सगळ्यांचे मनापासून आभार. सह्यांचं मामांशी आजच बोलते. आणखी दोन शंका. शाखेत म्हणे मार्चमध्ये सगळ्यांना जोर लावायला सांगतात, आणि आमची परीक्षा एप्रिलमध्ये असते. आणि ओळखीतले दोघं आत्ताच म्हणाले, "पहिला हप्ता तू भर, मग पॉलिसी घेतो." त्यांना काय सांगू?

जुना विकास अधिकारी

दुसऱ्याचं आधी. कमिशनमधून हप्ता भरणं किंवा त्यातला वाटा परत देणं याला विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे मनाई आहे, दंड ₹१० लाखांपर्यंत. त्या दोघांना सरळ "कायद्यानं चालत नाही" म्हण. ज्यानं पहिला हप्ता स्वतः भरला नाही तो दुसराही भरत नाही, आणि तुझ्या १६ मधला एक तिथंच कमी होतो. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते आणि तसं झालं तर कमिशनही परत जातं, त्यामुळे पहिल्या महिन्याचं कमिशन खर्चून टाकू नकोस.

मार्चचं असं कर: तुझं विम्याचं वर्ष जुलैत सुरू होईल अशी नेमणूक घे. जुलै ते फेब्रुवारी हे आठ महिने आहेत, त्यातला दिवाळीच्या आसपासच्या सत्र परीक्षेचा एक सोड. उरलेल्या सात महिन्यांत महिन्याला तीन याप्रमाणे २१ होतात, राहिलेल्या तीन परीक्षेनंतर मे-जूनमध्ये. ज्याच्या हाताखाली एजंट काम करतात त्या विकास अधिकाऱ्याला हे नेमणुकीआधी वहीवर लिहून दाखव. जो ऐकून घेत नाही त्याच्या हाताखाली जाऊ नकोस. एकदा एजन्सी घेतली की सोडून दुसऱ्या जीवन विमा कंपनीत जायला राजीनाम्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, आणि एका वेळी जीवन विम्याची एकच कंपनी चालते.

रोख हप्ता शक्यतो घेऊच नकोस, ग्राहकाला ऑनलाइन किंवा शाखेत भरायला लाव. घ्यावाच लागला तर २४ तासांच्या आत जमा झाला पाहिजे, बँकेच्या सुट्या सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा पेपर असेल तर तो हप्ता घ्यायचाच नाही.

गणिताची वही

कराचं राहिलं. वर्षाचं कमिशन ₹२०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापतात. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर २० टक्के. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतं, पण कमिशनला अंदाजित उत्पन्नाची सोपी योजना लागू नाही, त्यामुळे आयटीआर-३ भरावा लागतो. पेट्रोल, मोबाइल आणि छपाईच्या खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला तो फॉर्म स्वतः भरता यायला हवा.