सीयू-सीमीच्या सामायिक रिफ्लेक्टरवर आठवा सभासद व्हायचंय, पण नॅटच्या पलीकडे चित्र जात नाही

निळा_पडदा:
जुन्या मशीनवर सीयू-सीमी (नव्वदच्या दशकातला व्हिडिओ-गप्पांचा प्रोग्राम) चालवणारा सात जणांचा गट आहे. पुणे, सातारा, डोंबिवली आणि एक जण न्यू जर्सीत. वर्गणी काढून एका भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर रिफ्लेक्टर (प्रत्येकाचं चित्र बाकीच्यांना वाटणारा प्रोग्राम) ठेवलाय. मला त्यात यायचंय. सामान: विंडोज ९५ चा पेंटियम, पॅरलल पोर्टचा काळा-पांढरा क्विककॅम वेबकॅम, घरी फायबर. घरातल्या मॅकशी थेट जोडलं की चित्र लगेच येतं. रिफ्लेक्टरला जोडलं की काहीच नाही. राउटरवर सीयू-सीमीचा यूडीपी पोर्ट ७६४८ माझ्या मशीनकडे फॉरवर्ड करून झालं, कॉन्फरन्स आयडी (गप्पांच्या खोलीचा क्रमांक) सगळ्यांचा ० आहे. शिवाय रिफ्लेक्टर माझ्याकडेच हलवावा का, अशीही चर्चा चालू आहे.

तांब्याची_तार:
फॉरवर्डिंगने हे सुटणार नाही. सीयू-सीमी स्वतःचा आयपी पॅकेटच्या पोटात लिहून पाठवतं. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो (हेच नॅट), आतल्या चिठ्ठीवरचा नाही. त्यामुळे रिफ्लेक्टरला आत घरातला १९२.१६८ चा पत्ता दिसतो आणि बाहेर दुसराच. लिनक्सच्या २.० आणि २.२ कर्नलच्या काळात खास यासाठी 'आयपी मास्क सीयूसीमी' नावाचं मॉड्यूल होतं, ते आतला पत्ताही बदलायचं. हल्लीच्या घरगुती राउटरमध्ये हे नसतं.

आणि आधी राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्याही नॅटमागे आहात, मग फॉरवर्डिंगला अर्थच नाही.

उपाय म्हणजे वाटेत नॅटच येऊ द्यायचं नाही. विंडोज ९५ वर वायरगार्ड (घरं एकमेकांना खाजगी बोगद्याने जोडणारा व्हीपीएन) चालणार नाही, म्हणून प्रत्येक घरी एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आणि मधला हब तो भाड्याचा सर्व्हर. पाय राउटरलाच लावा, आयपी फॉरवर्डिंग चालू करा आणि पेंटियमचा गेटवे राउटरऐवजी पायचा द्या. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की राउटर वाट बंद करतो.

यात दोन ठिकाणी हमखास माती होते. पहिलं, सगळ्यांच्या घरी १९२.१६८.१ च असतं. मग हबला कळत नाही कोणाचं पॅकेट कुठे टाकायचं. आठ घरांना आठ वेगळे सबनेट (पत्त्यांचे गट) द्या: १९२.१६८.११, १२, १३ असे, आणि हबच्या 'अलाउड आयपीज'मध्ये प्रत्येकापुढे त्याचाच सबनेट लिहा. दुसरं, इंटरनेटवरून उचललेल्या पायच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा मास्करेडची, म्हणजे पत्ता बदलण्याची, ओळ असते. ती काढा. ती राहिली तर पुन्हा नॅटच आलं आणि सगळी मेहनत पाण्यात.

एकशेवीस_ओळी:
रिफ्लेक्टर घरी आणू नका. वॅन पत्ता कंपनीच्या नॅटमागचा निघाला तर तो बाहेरून दिसणारच नाही. बँडविड्थचं म्हणाल तर आज तो प्रश्न नाही, पण हिशोब माहीत असू द्या. रिफ्लेक्टर प्रत्येकाचं चित्र बाकीच्या प्रत्येकाला वेगळं पाठवतो. आठही जण ८० केबीपीएसने पाठवत असतील तर आत ६४०, बाहेर ८ × ७ × ८०, म्हणजे ४४८० केबीपीएस. १९९५ साली टी-१ ही भाड्याची वेगवान लाइन १५४४ केबीपीएसची होती, तेव्हा रिफ्लेक्टर चालवणारे पाठवणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा का घालायचे ते यावरून कळेल.

आज अडतं ते मशीनवर. सात खिडक्या पेंटियम ओढेल. गटात कोणाकडे ६८०३० चिपचा जुना मॅक असेल तर त्याने दोन-तीनच खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

रिफ्लेक्टर सर्व्हरवर नव्याने कंपाइल करायची वेळ आली तर ३२ बिटमध्येच करा. त्या काळच्या सी कोडमध्ये 'लाँग' म्हणजे ४ बाइट हे गृहीत असतं, ६४ बिटवर तो ८ होतो आणि हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) सरकतो. कंपाइल बिनबोभाट होतं, हीच तर गंमत.

निळा_पडदा:
मास्करेडची ओळ होतीच. काढली, जोडलं गेलं! सातही जण दिसतात. पण माझं चित्र त्यांना ठिपक्या-ठिपक्यांनी येतं आणि मी हललो की चौकोन मागे राहतात. एका सभासदाची खिडकी मात्र पूर्ण काळी.

एकशेवीस_ओळी:
चौकोन राहणारच, ते समजून घ्या. १६० × १२० चं चित्र ८ × ८ च्या ३०० चौकोनांत कापलेलं असतं. १६ छटा म्हणजे पिक्सेलला ४ बिट, चौकोनाची एक ओळ बरोबर ३२ बिट, पूर्ण चौकोन ३२ बाइट. अख्खी फ्रेम ९६०० बाइट. मागच्या फ्रेमपेक्षा बदललेले चौकोन तेवढेच पाठवले जातात. एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागितलं जात नाही. रिफ्रेशची वेळ आली की तो चौकोन आपोआप जातो. तोवर तुमचा जुना कान तिथेच लटकलेला दिसतो. रिफ्रेश इंटरव्हल कमी करा.

ठिपक्यांचं कारण खोलीत शोधा. मागे पंखा फिरतोय का, पडदा हलतोय का? चोकवाली ट्यूबलाइट असेल तर ती १०० हर्ट्झवर लुकलुकते, कॅमेऱ्याला सगळेच चौकोन बदलल्यासारखे वाटतात आणि ८० केबीपीएस भिंत पाठवण्यातच संपतात. ट्यूब बंद करून समोरून साधा दिवा लावा, मागे सपाट भिंत ठेवा, मग चेंज टॉलरन्स (किती बदल झाला की चौकोन पाठवायचा ते) थोडा वाढवा. जास्त वाढवलात तर ओठ हललेले दिसणार नाहीत.

तांब्याची_तार:
काळी खिडकी: तो सभासद बहुधा व्हाइट पाइन कंपनीची रंगीत आवृत्ती वापरतोय. कॉर्नेल विद्यापीठाच्या मूळ फुकट आवृत्तीला रंगीत एम-जेपेग चित्र उलगडत नाही. त्याला कोडेक (चित्र किंवा आवाज आवळायची पद्धत) ग्रे करायला सांगा.

आवाज सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकच कोडेक ठरवा. डीव्हीआय ३२ केबीपीएस घेतो, डेल्टा-मॉड १६. फायबरवर ३२ च घ्या. आणि 'पुश टू टॉक' चालू ठेवा, स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की आठ जणांत घुमायला वेळ लागत नाही.

निळा_पडदा:
ट्यूबलाइटच होती. काळ्या खिडकीवाल्याला निरोप दिलाय, न्यू जर्सीत आत्ता पहाट आहे.