मदत हवी आहे : ओपनस्टॅक सीओए परीक्षा, सहा आठवडे उरलेत आणि घरच्या लॅबमधला व्हीएम पिंगलाच उत्तर देत नाही

रात्रपाळी :

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये लिनक्स अॅडमिन आहे, नऊ वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आमच्याकडे जुनं व्हर्च्युअलायझेशन काढून ओपनस्टॅकवर (आपल्याच सर्व्हरवर क्लाउड चालवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) प्रायव्हेट क्लाउड उभा करायचं चाललंय (कारण तेच, लायसनचं बिल) आणि मॅनेजर म्हणाला सर्टिफाइड ओपनस्टॅक अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे सीओए करून टाक, नव्या टीममध्ये घेतो. मी उत्साहाच्या भरात स्वतःच्या खिशातून डॉलरमध्ये फी भरली, तारीख पण घेतली आणि आता पोटात गोळा आलाय.

घरी जुना डेस्कटॉप आहे, 16 जीबी रॅमचा. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूचा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), त्याला 10 जीबी रॅम आणि 60 जीबी डिस्क दिलीये, आणि त्याच्या आत डेव्हस्टॅक, म्हणजे एकाच मशीनवरचा सरावापुरता ओपनस्टॅक. परवा त्याचं इन्स्टॉलेशन, म्हणजे स्टॅक डॉट एसएच, चालू होतं, पाऊण तास होऊन गेला होता आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब आहेत, डेस्कटॉप नाही. परत पहिल्यापासून. काल एकदाचं पूर्ण झालं, सिरॉसचा (चाचणीसाठीचा इवलासा लिनक्स) छोटा व्हीएम उठवला, हॉरायझनमध्ये (ओपनस्टॅकचा वेब डॅशबोर्ड) अॅक्टिव्ह दिसतो, कन्सोलवरून लॉगिन होतं, 172.24.4 मधला फ्लोटिंग आयपी (बाहेरून व्हीएमला गाठायचा पत्ता) लावलाय, पण उबुंटूवरून पिंग केलं की शंभर टक्के पॅकेट लॉस. डीफॉल्ट सिक्युरिटी ग्रुपमध्ये (व्हीएमचा फायरवॉलच) आयसीएमपी (पिंगसाठी) आणि एसएसएचचे रूल टाकलेत, दोनदा बघितलं. रात्री अडीचपर्यंत तेच, शेवटी बायको उठून म्हणाली सुट्टीच्या दिवशी पण रात्रपाळीच करायची का.

तर विचारायचं हे, की पिंगचं काय चुकतंय, दुसरं म्हणजे सगळं कमांड लाईनवर करायचं की हॉरायझन चालतं, आणि ऑफिसातल्या एकाने 200 प्रश्नांची पीडीएफ दिलीये, ए बी सी डी पर्यायवाली, ती पाठ केली तर निभावेल का? स्विफ्ट (फाईल साठवणारी सर्व्हिस) आणि हीटला (टेम्प्लेटवरून व्हीएम वगैरे उभं करणारी) तर अजून हातच लावलेला नाही.


चहाबाज :

पीडीएफ डिलीट करा हो, आजच. सीओएमध्ये ए बी सी डी नसतंच. तीन तास देतात, समोर चालू क्लाउड असतो आणि कामं सांगतात, की अमुक नेटवर्क कर, तमुक युजरला रोल दे, हा व्हॉल्यूम (जादा डिस्क) त्या व्हीएमला जोड. काम झालंय का नाही ते तपासतात, तुम्हाला व्याख्या येते का ते कोणी विचारत नाही. ती पीडीएफ कुठल्यातरी भलत्याच परीक्षेची असणार.


घाटवाट :

आधी पिंग. लाईट गेली म्हणालात म्हणून विचारतो, शेवटचं स्टॅक डॉट एसएच पूर्ण झाल्यावर मशीन रीबूट केलंत का? डेव्हस्टॅक रीबूटला टिकेल असं बनवलेलंच नाही. बीआर-ईएक्स नावाचा ब्रिज (व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा व्हर्च्युअल स्विच) असतो, त्यावरचा 172.24.4.1 हा पत्ता रीबूटनंतर उडतो आणि मग एकही फ्लोटिंग आयपी सापडत नाही. आयपी अॅड्रेस शो करून बघा.

तो असेल तर राउटरच्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा (ओपनस्टॅक राउटर शो, त्यात एक्स्टर्नल गेटवेच्या माहितीत मिळेल). राउटर उत्तर देतोय आणि व्हीएम देत नाही म्हणजे नेटवर्क ठीक आहे, घोळ व्हीएमच्या दारात आहे.


रात्रपाळी :

रीबूट नाही केलं. 172.24.4.1 आहे, राउटरचा पत्ता पण पिंग होतोय. म्हणजे दारातच! पण रूल तर टाकलेत हो. एक गंमत सांगतो, रूल टाकताना डीफॉल्ट हे नाव दिलं तर एरर आली की या नावाचे एकाहून जास्त ग्रुप आहेत, म्हणून लिस्ट काढली आणि पहिल्या डीफॉल्टचा आयडी कॉपी करून टाकला. गेला रूल, काही एरर नाही.


घाटवाट :

सापडलं 😀 ती एररच तुम्हाला उत्तर सांगत होती.

डीफॉल्ट सिक्युरिटी ग्रुप क्लाउडभर एकच नसतो, प्रत्येक प्रोजेक्टचा (क्लाउडमधला एकेका टीमचा वेगळा कप्पा) आपापला असतो, आणि नाव सगळ्यांचं डीफॉल्ट. तुम्ही अॅडमिन म्हणून बसला होतात म्हणून सगळ्या प्रोजेक्टचे दिसले. व्हीएम आहे डेमो प्रोजेक्टमध्ये आणि रूल गेला दुसऱ्याच कोणाच्या तरी ग्रुपला. म्हणजे आपल्या फ्लॅटची कडी काढायची सोडून शेजाऱ्याची काढून आलात. आणि बाहेरून येणारं सगळं बंद हीच डीफॉल्ट ग्रुपची मूळ अवस्था असते, फक्त त्याच ग्रुपमधले व्हीएम एकमेकांशी बोलू शकतात.

ओपनआरसी फाईल (कुठला युजर, कुठला प्रोजेक्ट ते ठरवणारी) डेमो युजर, डेमो प्रोजेक्ट देऊन परत सोर्स करा, मग लिस्ट काढा, एकच डीफॉल्ट दिसेल, त्यात रूल टाका. व्हीएम रीस्टार्ट करायची गरज नाही, रूल लगेच लागू होतो.


रात्रपाळी :

झालं!!! टाकल्या टाकल्या पिंग सुरू. एसएसएच पण झालं, सिरॉस युजर आणि तो विचित्र पासवर्ड गोकब्सगो. दोन रात्री गेल्या राव यात.


तिसरामजला :

अभिनंदन आणि दोन रात्री वाया नाही गेल्या. मी ही परीक्षा दिलीये (दुसऱ्या खेपेला पास, आधीच सांगते) आणि पहिल्या खेपेला माझं नेमकं हेच झालं होतं. नेटवर्क, सबनेट, राउटर सगळं अगदी सुरेख केलं आणि केलं अॅडमिन प्रोजेक्टमध्ये, प्रश्नात दुसरा प्रोजेक्ट सांगितला होता. बघणाऱ्याला त्या प्रोजेक्टमध्ये काहीच दिसणार नाही, मार्क कुठून देणार. दुसऱ्या वेळी मी प्रत्येक प्रश्नाला कमांड मारायच्या आधी कुठला युजर, कुठला प्रोजेक्ट, एवढंच आधी तोंडाने पुटपुटायची. आणि नावं जशी दिलीत तशीच, हायफनच्या जागी अंडरस्कोर केला की ते दुसरंच नाव झालं.

हॉरायझन चालतं. मला राउटर आणि नेटवर्क हॉरायझनमध्ये बरं पडायचं कारण टोपॉलॉजीचं चित्र दिसतं, कुठली तार सुटलीये ते डोळ्याने कळतं. युजर, रोल, कोटा हे कमांड लाईनवर पटापट होतं. पाठ काही करू नका, कमांडपुढे हेल्प लिहायची सवय लावा. आणि जुने व्हिडिओ बघत असाल तर जपून, त्यात नोव्हा बूट, न्यूट्रॉन नेट-क्रिएट असलं काहीबाही असतं, आता सगळं ओपनस्टॅक या एकाच कमांडखाली आलंय. रोलचं पण तसंच, जुन्या लेखात मेंबर शब्दाच्या दोन्ही बाजूला अंडरस्कोर असतो, आता साधं मेंबर. आणि युजर बनवला पण प्रोजेक्टवर रोल दिला नाही तर त्याला त्या प्रोजेक्टमध्ये कामच करता येत नाही, हे दहातले आठ जण विसरतात.

परीक्षा घरूनच देतात, कॅमेऱ्यासमोर. टेबल रिकामं ठेवा, खोली फिरवून दाखवावी लागते. मी दाराला बाहेरून कागद चिकटवला होता तरी सासूबाई चहा घेऊन आल्याच. पर्यवेक्षकाने चॅटवर विचारलं खोलीत कोण आहे, मी घाबरून लिहिलं मदर इन लॉ, टी. पुढे जाऊ दिलं बाई.


कोकणकडा७ :

एक भाबडा प्रश्न, राग नका मानू. ओपनस्टॅक अजून जिवंत आहे का? 2010 मध्ये नासा आणि रॅकस्पेसने सुरू केलेलं ना ते? आता सगळे कुबरनेटीस (कंटेनरमधली अॅप्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) करतात, सहा आठवडे त्यात घाला की.


चहाबाज :

धाग्याचा विषय तो नाही, पण आलात तर ऐका. सर्नमध्ये (जिनिव्हाजवळची कणभौतिकी प्रयोगशाळा) 2013 पासून ओपनस्टॅक प्रॉडक्शनमध्ये आहे, तीन लाखांहून जास्त कोअरचा क्लाउड. दर सहा महिन्यांनी नवी रिलीज येते, ए पासून नावं देत देत 2022 मध्ये झेडला पोचले, मग अक्षरं संपली म्हणून 2023.1 असं लिहायला लागले आणि नाव परत ए पासून. आणि तुमचं कुबरनेटीस पण कुठल्यातरी व्हीएमवरच चालतं ना, ते व्हीएम द्यायला खाली कोणीतरी लागतंच. धागाकर्त्याच्या ऑफिसात ओपनस्टॅक येतंय, त्यांना ते शिकू द्या.


रात्रपाळी :

सगळ्यांचे आभार, तिसरामजला ताई तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लावतो. आता नवीन भानगड. ऐटीत एम1.लार्ज फ्लेवरचा (व्हीएमचं ठरलेलं माप) व्हीएम उठवायला गेलो तर सरळ एरर, नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड. छोटा उठतो, मोठा नाही. लॉग कुठे बघायचा ते पण सांगा.


घाटवाट :

एम1.लार्ज म्हणजे 4 व्हीसीपीयू, 8 जीबी रॅम, 80 जीबी डिस्क. तुमच्या उबुंटूला डिस्कच 60 जीबी, ठेवणार कुठे? शेड्युलरने सगळे होस्ट (म्हणजे तुमचा एकुलता एक) तपासले, कुठेच मावेना, म्हणून ही एरर. लोक ही वाचून नेटवर्क उकरायला लागतात. आधी फ्लेवर शो करा, मग होस्टवर काय शिल्लक आहे ते बघा, आणि कंप्यूट सर्व्हिस लिस्टमध्ये नोव्हा-कंप्यूट (व्हीएम चालवणारी सर्व्हिस) अप आहे ना तेही, कारण ती डाउन असली तरी हेच वाक्य येतं. घरी सिरॉस256 नाहीतर एम1.टायनीवर सगळा सराव होतो.

लॉगसाठी डेव्हस्टॅकमध्ये सगळ्या सर्व्हिसेस सिस्टमडीखाली असतात, जर्नलसीटीएलला युनिट म्हणून डेव्हस्टॅक@एन-सीपीयू द्या, शेड्युलरला एन-एससीएच. तुम्ही लिनक्सवाले, हे तुम्हाला काय सांगायचं.


तिसरामजला :

सिंडरचं (व्हॉल्यूम सांभाळणारी सर्व्हिस) एक सांगायचं राहिलं. व्हॉल्यूम एररमध्ये अडकला की नेटवर लगेच सल्ला मिळतो, स्टेट बदलून अव्हेलेबल करा. होतं ते, पण त्याने फक्त डेटाबेसमधली पाटी बदलते, खाली स्टोरेजवर काही दुरुस्त होत नाही. आधी लॉग बघा.

स्विफ्ट आणि हीट डेव्हस्टॅकमध्ये मुळात येतच नाहीत. लोकल डॉट कॉन्फमध्ये (डेव्हस्टॅकची सेटिंगची फाईल) स्विफ्टच्या चार सर्व्हिसेस (एस-प्रॉक्सी, एस-ऑब्जेक्ट, एस-कंटेनर, एस-अकाउंट) सुरू करायच्या आणि हीटचं प्लगिन जोडायचं, मग परत स्टॅक. स्विफ्टमध्ये कंटेनर बनवणं, फाईल चढवणं आणि कंटेनर सगळ्यांना वाचायला खुला करणं, एवढं हाताखालून गेलं की बऱ्यापैकी झालं. हीट म्हणजे यॅमल (टेम्प्लेट लिहायचा मजकूर-फॉरमॅट), टॅब चुकूनही मारायचा नाही, स्पेसच. आधी एकच व्हीएम उठवणारं दहा ओळींचं टेम्प्लेट करा, ते चाललं की त्यात पोर्ट, मग फ्लोटिंग आयपी वाढवा.

आणि एकदा सगळं नीट स्टॅक झालं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या व्हीएमचा स्नॅपशॉट घ्या हो, म्हणजे लाईट गेली तरी पाऊण तास परत बसायला नको.


रात्रपाळी :

स्नॅपशॉट!! नऊ वर्षं दुसऱ्यांना स्नॅपशॉट घ्या म्हणून सांगतोय आणि घरी एकदाही घेतला नाही. आत्ता लोकल डॉट कॉन्फमध्ये स्विफ्ट आणि हीट टाकून स्टॅक लावलंय, यावेळी डेस्कटॉपची पिन काढून इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावलीये, हॉलचा पंखा बंद करून. बायको अजून झोपलेली नाही, तिला सांगितलंय पाऊण तासाचा प्रश्न आहे.