उत्तर: क्षेपणास्त्र पाडूनही विमानातल्या लेझरचा प्रकल्प का गुंडाळला?

चाचणी यशस्वी झाली हे खरंच. ११ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकेच्या वायएएल-१ या लेझरवाहू विमानाने (बोइंग ७४७, नाकात किरण रोखणारा दीड मीटरचा आरसा) द्रव इंधनाचं क्षेपणास्त्र उडतानाच पाडलं. पण लेझर त्याचा स्फोट करत नाही. पत्रा तापवून मऊ करतो, पुढचं काम आतला दाब करतो. त्यासाठी किरण एकाच जागी काही सेकंद रोखावा लागतो, आणि वाटेतली हवा तो फाकवते. म्हणून आधी कमी ताकदीच्या लेझरने हवेची गडबड मोजायची, त्यानुसार लवचीक आरसा सतत वाकवायचा. एवढं करूनही पल्ला तोकडाच. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांच्या मते २०-३० पट ताकद हवी होती; नाहीतर इराणचं क्षेपणास्त्र पाडायला हे अवजड धूड थेट इराणच्याच हद्दीत घिरट्या घालणार! शिवाय लेझर ज्या रसायनांवर चालतो त्या क्लोरीन, पेरॉक्साइड, आयोडीनचा साठा संपला की तळावर परत.