२-ऑफ-३ मल्टीसिग केलंय, पण दुसरी सही डोळे झाकून होतेय

प्रश्न: कोरापाटी
आम्ही तिघं मिळून एक ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवतो, देणग्या बिटकॉइनमध्ये येतात, थोडं ईथरही येतं. आतापर्यंत सगळं माझ्या एकट्याच्या वॉलेटमध्ये होतं आणि मला त्याचं फार टेन्शन यायचं, उद्या मला काही झालं तर कोणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून मल्टीसिग केलं, म्हणजे एकापेक्षा जास्त जणांच्या डिजिटल सह्या लागणारं वॉलेट, ईथरसाठी 'सेफ' नावाचं वॉलेट आणि बिटकॉइनसाठी वेगळं, दोन्हीकडे २-ऑफ-३, तिघांपैकी कोणत्याही दोघांची सही पुरते. पण परवा पैसे पाठवताना जोडीदाराचा मेसेज आला "मी बघितलंय, तू फक्त साइन कर", माझ्या हार्डवेअर वॉलेटच्या (सही करायच्या छोट्या डिव्हाइसच्या) एवढ्याशा स्क्रीनवर नुसता लांबलचक हॅश (व्यवहाराच्या तपशिलावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा कोड) दिसत होता आणि मी बटण दाबून मोकळा झालो. पैसे बरोबर जागी गेले, पण रात्री झोप लागली नाही. मग दुसऱ्या सहीचा उपयोग काय झाला? ३-ऑफ-३ केलं तर जास्त सुरक्षित होईल का?

उत्तर: बिनतारी
३-ऑफ-३ अजिबात नको, एकाची की (सही करायची गुप्त किल्ली) हरवली तर सगळा फंड कायमचा अडकला. २-ऑफ-३ च ठेवा. आणि आकड्यापेक्षा किया खरंच वेगवेगळ्या हातात आहेत का ते बघा. रोनिन ब्रिज, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सेवा, तिला ९ पैकी ५ सह्या लागायच्या, ऐकायला भक्कम वाटतं ना, पण त्यातल्या ४ एकाच कंपनीकडे होत्या आणि पाचव्या सहीसाठी त्या कंपनीला आधी कधीतरी तात्पुरती परवानगी मिळालेली, ती काढून घ्यायचीच राहिली होती. मार्च २०२२ मध्ये हल्लेखोर त्या कंपनीत शिरले, पाचही सह्या मिळाल्या आणि १,७३,६०० ईथर गेले, वर सहा दिवस कोणाला पत्ताच नाही! तुमच्या तिघांच्या सीड, म्हणजे ज्या शब्दांवरून की परत बनवता येते ते, कुठे आहेत?

कोरापाटी
तिन्ही डिव्हाइस मीच सेट केली, त्यामुळे तिन्ही सीडचे कागद माझ्याच कपाटात आहेत. लिहितानाच कळतंय की चुकलंय.

उत्तर: बिनतारी
मग आत्ता ते मल्टीसिग नाहीच, एक कपाट फोडलं की झालं. प्रत्येकाने आपापल्या डिव्हाइसवर नवीन सीड बनवा, बाकी दोघांनी ती बघायचीही नाही. सेफमध्ये जुने मालक काढून नवे घालता येतात, बिटकॉइनला मात्र नवीन वॉलेट करून पैसे तिकडे हलवावे लागतील.

उत्तर: सांजवेळ
डोळे झाकून सही करण्याबद्दल मी बोलते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे ४ लाख ईथर, म्हणजे जवळजवळ १५० कोटी डॉलर, असेच गेले. त्यांचंही सेफच होतं, किया कोणी चोरल्या नाहीत, सह्या खऱ्या माणसांनी केल्या. सेफच्या वेबसाइटच्या कोडमध्येच हल्लेखोरांनी फेरफार केला होता, त्यामुळे ब्राउझरमध्ये नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि डिव्हाइसकडे सहीला दुसराच जात होता. त्या व्यवहारात 'ऑपरेशन' नावाची एक जागा असते, साध्या ट्रान्सफरला तिथे ० असतो, इथे १ होता, म्हणजे डेलिगेट कॉल, दुसऱ्याचा कोड आपल्याच वॉलेटच्या अधिकाराने चालवणं, त्याने वॉलेटचा आतला कोडच बदलला गेला. कोऱ्या कागदावर सही घेतल्यासारखं झालं हो ते. तर दुसऱ्याने करायचं असं की पैसे कुठे आणि किती जाणार ते आधी फोनवर बोलून घ्यायचं, मग वेगळ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या टूलमध्ये तेच आकडे स्वतः भरून हॅश काढायचा आणि तो डिव्हाइसच्या स्क्रीनशी अक्षर न अक्षर जुळवायचा. पहिल्याने पाठवलेला हॅश कॉपी करून जुळवला तर काही अर्थ नाही. पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

उत्तर: पायवाट
बिटकॉइनच्या बाजूला एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. २-ऑफ-३ मध्ये एक सीड हरवली तरी उरलेल्या दोन पुरतात असं आपण धरून चालतो, पण त्या अ‍ॅड्रेसच्या स्क्रिप्टमध्ये तिन्ही पब्लिक की (गुप्त कीची उघड जोडीदार) असतात, त्यामुळे हरवलेल्या सीडचा एक्सपब (ज्यातून तिच्या पब्लिक की निघतात तो कोड) कुठेच नसेल तर दोन सीड हातात असूनही पैसे हलत नाहीत. म्हणून प्रत्येक सीडसोबत तिन्ही एक्सपब असलेली वॉलेटची कॉन्फिग फाइल ठेवा. ती कोणाच्या हाती लागली तर बॅलन्स दिसेल, खर्च करता येणार नाही.

कोरापाटी
काल रात्री तिघं बसलो. नवीन सीड ज्याच्या त्याने बनवल्या, टेस्टला अगदी थोडं बिटकॉइन टाकलं आणि माझं डिव्हाइस मुद्दाम पुसून, सीडवरून परत उभं करून, तिसरा माणूस नाहीच असं धरून पैसे बाहेर काढायला बसलो. नाही निघाले. तिसऱ्याचा एक्सपब फक्त त्याच्याच लॅपटॉपवर होता, पायवाट म्हणतात तस्संच. फाइल तिघांकडे ठेवली, परत करून बघितलं, निघाले. मोठी रक्कम रविवारी हलवतोय, सेफचा हॅश जुळवायचं काम मी करणार.