मुलगा ‘पढलो’ म्हणतो पण पढत नाही, नमाजची गोडी कशी लावायची?

विजापूरवेस_अम्मी:
सलाम सगळ्यांना. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे, त्याच्या पाठची मुलगी पाच वर्षांची. मिस्टरांचा टॉवेल-चादरीचा धंदा त्यामुळे ते घरी येईपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतात, म्हणजे पोरांचं नमाज-कलमा सगळं माझ्यावर आणि सासूबाईंवर. सासूबाई पाचवक्ती नमाजी पण गुडघ्यामुळे खुर्चीवर पढतात. मुलाला सूरा पाठ आहेत, नमाजमध्ये बसून पढायची अत्तहियात पण येते, मकतबला (कुराण शिकायच्या वर्गाला) रोज जातो, म्हणजे येत नाही असं नाहीये. पण आवडच नाही. मागच्या आठवड्यात मी किचनमधूनच ओरडून विचारलं असर (संध्याकाळच्या आधीची नमाज) पढलास का, तर हो पढलो म्हणाला, मी जाऊन बघते तर जानमाज (नमाजची चटई) घडी घातलेली तशीच आणि तिच्यावर मांजर झोपलेलं. मला राग आला त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं की एवढंसं पोर नमाजवरून खोटं बोलायला लागलं. आधी भिंतीवर कागद लावून स्टार द्यायचे, मग एका नमाजला पाच रुपये केले, बारा दिवस मस्त चाललं आणि तेराव्या दिवशी साहेब म्हणतात फज्रचे (पहाटेच्या नमाजचे) दहा पाहिजेत, लवकर उठावं लागतं. हसावं का रडावं कळेना. तुमच्याकडं काय करता सांगा प्लीज. मारायचं नाहीये मला.

लूमवाला_सोलापूर:
वालेकुम सलाम आपा. राग मानू नका पण पोरगं खोटं बोलायला तुमच्या प्रश्नामुळं शिकलंय. माझ्या घरात पण हेच झालंतं म्हणून सांगतो. ‘पढलास का’ हा पोलिसाचा प्रश्न आहे, त्याला दोनच उत्तरं, एकाला बोलणी बसतात आणि दुसऱ्याला बसत नाहीत, मग आठ वर्षांचं पोर कुठलं देणार? मी लूमवर आहे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, घरी असलो की मोबाईल बघत पडल्या पडल्या पोराला म्हणायचो जा नमाज पढ. एकदा त्यानंच विचारलं, अब्बा तुमची झाली का? माझी नव्हती झाली. लई लाजलो. त्या दिवसापासून ‘जा’ बंद केलं, ‘चल’ म्हणायचं. आणि चल म्हटलं की आधी आपल्यालाच उठावं लागतं, खरी अडचण तिथंच आहे, पोरात नाही.

दुसरं म्हणजे पाची वक्त एकदम धरू नका. आम्ही मगरिबपासून, म्हणजे सूर्य मावळल्यावरच्या नमाजपासून, चालू केलं. सक्तीच्या (फर्ज) तीनच रकात, म्हणजे नमाजचे तीनच फेरे, उजेड जाताना सगळी घरात असतात, अजान झाली की टीव्ही आपोआप बंद. डिसेंबरात सहाच्या आत होते, जूनमध्ये सातला, पोराला रोज खिडकीतून आभाळ बघायचा नादच लागला. बाकीच्या नमाजा चार-पाच महिन्यांनी हळूहळू आल्या. फज्र अजून पूर्ण नाही, कबूल करतो.

एक मात्र सांभाळा. पहिल्यांदा मशिदीत नेलं तेव्हा एकानं त्याला खांद्याला धरून मागं ढकललं, पोरं मागं म्हणून, आणि एक जण हसला म्हणून खेकसला. पोरगं दोन महिने मशिदीचं नाव काढायला तयार नव्हतं. मग दुसऱ्या मशिदीत न्यायला लागलो, तिथं एक म्हातारे आहेत, नमाज झाली की खिशातून खजूर काढून देतात. खजुरासाठी का होईना, आता जातोय.

बाळीवेस_शेजारीण:
मी लिंगायत आहे, तुमच्यातलं मला फार कळत नाही तरी लिहिते, चालेल ना? आमचे आजोबा रोज अंघोळ झाली की इष्टलिंग हातावर घेऊन बसायचे, आम्हाला कधी बस म्हणाले नाहीत. फक्त विभूती लावताना आम्ही पोरं लाईनीत उभं राहायचो कारण ते कपाळाला बोट लावताना कायतरी मजेशीर बोलायचे. आज मी पूजा करते ती त्या बोटामुळं. आईनं सक्तीनं पाठ करून घेतलेलं सगळं विसरले. बस एवढंच.

पाच्छापेठची_नानी:
बेटी, माझी सात नातवंडं आहेत. हे टायपिंग माझी नात करतेय, चुकलं तर तिचं.

तू नमाजपासून सुरू करतेस, मी वजूपासून करते, नमाजआधी हात-तोंड-पाय धुतो ना, त्यापासून. पोरांना पाणी आवडतं गं, आंघोळीला पळतात पण पाण्यात खेळायला कधी नाही म्हणत नाहीत. पण आपल्या सोलापुरात चार-चार पाच-पाच दिवसांनी नळ येतो, आणि पोरगं बेसिनचा नळ सोडून वजू करायला लागलं की घरातलं कुणीतरी ओरडतंच, पाणी संपवतोय म्हणून. म्हणजे बघ, पोरगं नमाजला निघालंय आणि पहिल्या पावलालाच शिव्या. मी नातवाला एक तोटीचा लहान लोटा दिला, हा तुझा, कुणी हात लावायचा नाही, ह्यात पूर्ण वजू बसवून दाखव. पहिल्या दिवशी तोंड धुवेपर्यंतच संपला. आठ दिवसांत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत, डोक्याला मसह (ओला हात फिरवणं), पाय सगळं बसवून वर लोट्यात पाणी उरवायला लागला आणि मला आणून दाखवायचा, नानी बघ एवढं उरलं. उरलेलं तुळ... म्हणजे कढीपत्त्याच्या कुंडीला घालायचा (आमच्या शेजारणीकडं तुळस, त्यामुळं तोंडात तेच येतं).

आणि आपल्यात पोराच्या शिकण्याची सुरुवात म्हणून बिस्मिल्ला करतात ना, चार वर्षं चार महिने चार दिवसांचं झालं की, नवे कपडे, फुलांचा हार, मिठाई? पहिल्या रोज्याला पण रोजा कुशाई करतो, घर भरतं. पहिल्या नमाजीला काय करतो आपण? काहीच नाही. मी पहिल्या पूर्ण मगरिबला शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. पोरगं अजून सांगतंय सगळ्यांना.

लष्करचा_भाईजान:
सगळे फार लाडात आलेत. आमच्या अब्बांनी छडी घेऊन शिकवलं, आज चाळिशीत आहे आणि अल्हम्दुलिल्लाह एक वक्त चुकत नाही. हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांत) आहे की दहाव्या वर्षी नमाज पढला नाही तर मारा. उगाच खजूर आणि शिरखुर्मा, उद्या पोरगं आयफोन मागेल.

लूमवाला_सोलापूर:
भाईजान मला पण छडीनंच शिकवलं. अब्बा गेल्यावर बारा वर्षं मी जुम्म्याशिवाय मशिदीत पाऊल टाकलं नाही. छडी गेली की नमाज गेली.

मकतबवाला:
मी पोरांना कायदा (अरबी वाचायचं पहिलं पुस्तक) शिकवतो म्हणून थोडं बोलतो. अबू दाऊद ह्या हदीसच्या किताबातली ती हदीस खरी आहे पण भाईजान तुम्ही अर्धीच धरली. सात वर्षांचं झालं की नमाजचं सांगा, असं आधी आहे, दहाची गोष्ट नंतर. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं धरलं तरी रोज पाच वेळा म्हणजे ५३१० वेळा प्रेमानं सांगायचं. आपल्यापैकी कुणी पाचशे वेळा तरी सांगितलंय का? आणि तिथंसुद्धा उलेमा (धर्माचे जाणकार) म्हणतात की इजा होईल, चेहऱ्यावर लागेल असं काही नाही, हौस म्हणून तर नाहीच. पैगंबरांच्या बेगम हजरत आयेशा सांगतात की रसूलुल्लाहनी (पैगंबरांनी) कधी बाईवर, नोकरावर हात उचलला नाही. हजरत अनस दहा वर्षं त्यांच्या खिदमतीत (सेवेत) होते, त्यांना साधं उफ म्हणाले नाहीत. मी वर्गात छडी ठेवत नाही, सुरुवातीला ठेवायचो, खोटं कशाला बोलू.

मशिदीत पोराला ढकलणाऱ्यांना एक आठवण द्या. एकदा रसूलुल्लाहनी सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) एवढा लांबवला की मागच्यांना वाटलं काहीतरी झालं. नमाजनंतर विचारलं तर म्हणाले, नातू पाठीवर बसला होता, त्याचं मन भरेपर्यंत घाई करणं मला आवडलं नाही. हसन होते की हुसैन, पण नातूच. आणि उमामा ही नात, तिला तर उचलून घेऊन नमाज पढायचे, सजद्याला खाली ठेवायचे, उठताना परत घ्यायचे. म्हणजे आपा तुमची पाच वर्षांची मुलगी मध्येच जानमाजवर लोळली तर लोळू द्या. मुलींना आपण मशिदीत नेत नाही त्यामुळं त्यांचं सगळं घरावरच अवलंबून, हे पण लक्षात ठेवा, मुलाच्या नादात ती राहून जाते.

आता मुख्य गोष्ट. पोराला पाठ आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तो काय बोलतोय हे त्याला कुणी सांगितलंय का? मी वर्गात सूरे फातिहा (कुराणातली पहिली सूरा, प्रत्येक नमाजमध्ये पढतात ती) अशी शिकवतो. ‘सहीह मुस्लिम’ ह्या किताबातल्या हदीसमध्ये आहे की बंदा फातिहा पढतो तेव्हा अल्लाह एकेका आयतीला जवाब देतो. ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हटलं की अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यानं माझी हम्द (स्तुती) केली. ‘अर्रहमानिर्रहीम’ म्हटलं की म्हणतो, माझ्या बंद्यानं माझी सना (गुणगान) केली. ‘मालिकि यौमिद्दीन’ला म्हणतो, माझं मोठेपण सांगितलं. ‘इय्याक नअबुदु’ला म्हणतो, हे माझ्या नि माझ्या बंद्याच्या मधलं आहे, आणि तो मागेल ते त्याला. पोरांना हे सांगितल्यापासून काय झालंय सांगू? ती एका दमात फातिहा ओढायची बंद झाली. प्रत्येक आयतीनंतर थांबतात. एक पोरगा एवढा थांबला की मी विचारलं विसरलास का रे, तर म्हणाला, नाही हाफिजसाब, जवाब ऐकतोय. त्यानंतर मला पुढं शिकवायला जमलं नाही दोन मिनिटं.

नानींचं लोट्याचं पण अगदी बरोबर. रसूलुल्लाह एका मुदमध्ये (जुनं माप) वजू करायचे, म्हणजे पाऊण लिटर ते लिटरभर. पाणी कमी असलेल्या गावाला ह्याच्यापेक्षा सोपी सुन्नत (पैगंबरांची रीत) नाही.

लष्करचा_भाईजान:
हाफिजसाब, ५३१० चं गणित डोक्यात बसलं. बाकी आयफोनवर मी ठाम आहे.

विजापूरवेस_अम्मी:
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. कागद काढला, पैसे बंद केले, त्यावर दोन दिवस रुसवा झाला. ‘पढलास का’ एकदाही विचारलं नाही, जीभ चावून चावून गप्प बसले. फक्त मगरिबला मी, सासूबाई खुर्चीवर, हा आणि छोटी, चौघं एकत्र. छोटी सजद्यात जाते ती तिथंच झोपते कधी कधी. फातिहाचं मी त्याला झोपताना सांगितलं, तो काहीच बोलला नाही, मला वाटलं गेलं वाया, पण दुसऱ्या दिवशी आपल्या दादीलाच समजावत होता की दादी तुम्ही फास्ट पढता, अल्लाहला मध्ये बोलायला जागाच नाही. सासूबाई आधी चिडल्या मग हळू पढायला लागल्या.

मिस्टर आता जुम्म्याला दुकान अर्धा तास आधी बंद करून त्याला घ्यायला येतात. फज्र नाही होत, सकाळची शाळा आहे, रात्री लवकर झोपवायचं बघतेय.

आणि काल. क्रिकेट खेळून आला, घामाघूम, चप्पल पण नाही काढली आणि किचनच्या दारात उभा राहून म्हणाला, अम्मी आज असर राहिली, मॅच होती. मी विचारलं पण नव्हतं. मी नुसतं बरं म्हटलं आणि पाणी दिलं, मग तो आपणच जाऊन वजू करून कजा (राहिलेली नमाज) पढून आला.

नानी, तो तोटीचा लोटा कुठं मिळाला, नव्या पेठेत शोधला मी, मोठेच आहेत सगळे.

पाच्छापेठची_नानी:
अगं तो माझ्या जहेजातला आहे, दुकानात कुठला मिळायला. स्टीलचा घे, तोटी नसली तरी चालते, पण लहान घे. आणि छोटीला वेगळा घे, नाहीतर भांडणं होतील.