चंद्राला फेऱ्या मारून आलेल्या अपोलो 8 यानाचे तिन्ही अंतराळवीर गेले. आता त्यांची आठवण कशी ठेवायची?

नभांगण
बोरमन नोव्हेंबर 2023 मध्ये गेले, अँडर्स जून 2024 मध्ये आणि 7 ऑगस्ट 2025 ला लव्हेल, वयाच्या 97व्या वर्षी. चंद्राची पलीकडची बाजू माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली ती डिसेंबर 1968 मध्ये, या तिघांनी. पावणेदोन वर्षांत अख्खं यानच रिकामं झालं. चंद्रावर चाललेल्या 12 जणांपैकीही लव्हेल गेले त्या दिवशी चौघेच हयात होते. आणि आपण चार ओळींची श्रद्धांजली वाहून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं. यान चंद्राआड गेलं, रेडिओ गप्प झाला, त्या पहिल्या खेपेला पोटात काय झालं हे विचारायला आता कुणीच नाही.

जुना वाचक
विचारायची गरजच काय? यानातलं बोलणं टेपवर आहे. माणसाच्या आठवणीपेक्षा मी टेपवर विश्वास ठेवीन. पृथ्वी उगवतानाचा तो प्रसिद्ध फोटो घ्या. तो आपण काढला असं बोरमन बरीच वर्षं सांगायचे. टेपमध्ये मात्र अँडर्स घाईघाईने लव्हेलकडे रंगीत रीळ मागताना ऐकू येतात. फोटो अँडर्सचाच. बोरमन मुद्दाम खोटं सांगत होते असं मी म्हणत नाही. पुन्हापुन्हा सांगितलेली गोष्ट आपल्यालाही खरी वाटू लागते. म्हणून म्हणतो, कागद आणि टेपा जपा, माणसांचे देव करू नका.

सुमेधा
तुम्ही दोघंही तिघांच्या पुढे मोजायला तयार नाही! अपोलोच्या संगणकाचा प्रोग्राम अक्षरशः हाताने विणलेला होता. चुंबकीय मण्यातून तार गेली की 1, बाहेरून गेली की 0. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायका बसून हे विणायच्या. एक तार चुकली तर आकडा चुकला. त्यांच्यापैकी एकीचं तरी नाव इथे कुणाला सांगता येईल? त्यांच्या टेपा कुणी केल्या नाहीत, जुना वाचक.

नभांगण
सुमेधाताई, त्या बायकांबद्दल शंभर टक्के मान्य. पण जोखीम सारखी नव्हती. एप्रिल 1968 च्या माणसांविना झालेल्या चाचणीत सॅटर्न 5 रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिनं मध्येच बंद पडली होती. त्यानंतर त्याच प्रकारचं रॉकेट उडालं ते थेट या तिघांना घेऊन. परतीसाठी इंजिन एकच, आणि ते पेटवायचं चंद्राच्या मागे, संपर्क नसताना. पेटलं नसतं तर ते तिथेच फिरत राहिले असते. जीव पणाला लावणाऱ्याचं नाव आधी घेतलं तर त्यात अन्याय कसला?

सुमेधा
आधी घ्या की. पण तिथेच थांबता, त्याला माझा विरोध आहे.

मनीष
चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरवणाऱ्या अपोलो 11 चे तिघे, आर्मस्ट्राँग आणि त्यांचे दोन साथीदार, ऑक्टोबर 1969 मध्ये मुंबईत आले होते. आजोबा त्या गर्दीत होते. भाषणातला एक शब्द त्यांना आठवत नाही. शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना खांद्यावर उचलून घेतलं, ते आठवतं. जुना वाचक, हे कुठल्या टेपवर आहे?

जुना वाचक
कुठल्याच नाही, हे कबूल. मनीष, आजोबा सांगतात तसं आजच लिहून काढ, त्यांच्या शब्दांत, तारीख घालून. फक्त ती आठवण आजोबांची म्हणून ठेव. आर्मस्ट्राँगची म्हणून नको.